लुई कामीय मायार : तव्यावरच्या भाकरीपासून न भरणाऱ्या जखमेपर्यंत



थोर व्यक्तींचा परिचय आपण नेहमीच करून घेतो. आज ओळख करून घेऊ या एका फ्रेंच डॉक्टर-रसायनशास्त्रज्ञाची. त्यांचं नाव लुई कामीय मायार. इंग्रजी पुस्तकांवरून आपल्याकडे काही जण ते मेलार्ड असंही वाचतात. पदार्थ भाजल्यावर त्याला जो खमंग वास आणि तपकिरी रंग येतो, त्या क्रियेला जगभर मायार अभिक्रिया म्हणतात. स्वयंपाकाच्या पुस्तकांमुळे हे नाव सगळीकडे पोहोचलं. पण त्या नावामागचा माणूस आणि त्याने आजारांबद्दल केलेला विचार फारसा कुणाला माहीत नाही.

मलाही नव्हता. मी या नावापर्यंत पोहोचले ती माझ्या वडिलांच्या पायाच्या जखमेमुळे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णांना दहा-अकरा वर्षांपासून शुगर आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत नवीन चप्पल चावली आणि अंगठ्याशेजारच्या बोटाला फोड आला. दुखत नव्हतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. हळद लावली, मलम लावलं, पट्टी बांधली. तीन आठवड्यांनी घाण वास यायला लागला तेव्हा दवाखान्यात धावलो. चार महिने ड्रेसिंग चाललं आणि शेवटी ते एक बोट काढावं लागलं.

त्या काळात माझ्या मुलीने मला विचारलं, की मी मैदानावर पडले तर माझा गुडघा आठ दिवसांत बरा होतो, मग आजोबांचं एवढंसं बोट का बरं होत नाही? मी नेहमीचं उत्तर दिलं, की त्यांना शुगर आहे ना, म्हणून. पण साखर रक्तात असते आणि जखम कातडीवर, मग साखर तिथे नेमकं करते काय, हे मला स्वतःलाच सांगता येईना. रोज मुलांना का आणि कसं विचारायला शिकवणाऱ्या बाईंची ही अवस्था! मग वाचायला बसले आणि ११० वर्षांहून जास्त मागे, फ्रान्समध्ये जाऊन पोहोचले.

जन्म आणि शिक्षण

लुई कामीय मायार यांचा जन्म ४ फेब्रुवारी १८७८ रोजी फ्रान्सच्या लोरेन प्रांतातील पाँ-ता-मुसाँ या गावी झाला. मोझेल नदीच्या काठावरचं हे गाव लोखंडी नळ्यांच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध आहे. मायार जन्मले त्याच्या सात वर्षं आधी फ्रान्स जर्मनीकडून युद्ध हरला होता. जवळचं मेत्झ शहर जर्मनीकडे गेलं होतं आणि नान्सी शहर फ्रान्सकडे राहिलं होतं. स्ट्रासबर्गही जर्मनांकडे गेल्यामुळे तिथली फ्रेंच वैद्यकशाखा १८७२ मध्ये नान्सीला आली. त्यामुळे नान्सी हे शिक्षणाचं मोठं केंद्र बनत होतं.

मायार हुशार विद्यार्थी होते. वयाच्या सोळाव्या वर्षीच ते नान्सी विद्यापीठात दाखल झाले. आपल्याकडे दहावी संपते ते हे वय! १८९७ मध्ये त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली आणि १९०३ मध्ये ते डॉक्टर ऑफ मेडिसिन झाले. म्हणजे एकाच माणसात रसायनशास्त्रज्ञही होता आणि डॉक्टरही. त्यांच्या पुढच्या कामाच्या दृष्टीने ही जोडी फार महत्त्वाची ठरली. नान्सीच्या वैद्यकीय विद्यालयातच ते रसायन विभागात काम करू लागले. युरिया आणि मूत्रपिंडाचे विकार हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता. त्या कामातला एक गुणांक त्यांच्या नावाने ओळखला जाई.

१९१२ चा प्रयोग

त्या काळात शास्त्रज्ञांना एक मोठं कोडं पडलं होतं. आपलं शरीर प्रथिनांनी बनलेलं आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. शरीर ही माळ ओवतं तरी कसं? जर्मनीत एमिल फिशर यांनी प्रयोगशाळेत काही अमिनो आम्लं जोडून दाखवली होती, पण त्यासाठी फार तीव्र रसायनं लागत. जिवंत शरीरात अशी तीव्र रसायनं नसतात. म्हणून मायार यांनी सौम्य मार्ग शोधायचं ठरवलं. आधी त्यांनी अमिनो आम्लं ग्लिसरीनबरोबर तापवून पाहिली. मग विचार केला, की साखरेची रचना काही बाबतींत ग्लिसरीनसारखीच आहे, तर साखर घेऊन बघू.

त्यांनी ग्लायसीन नावाचं सगळ्यात साधं अमिनो आम्ल घेतलं, त्यात ग्लुकोज आणि पाणी घातलं आणि मिश्रण तापवलं. मिश्रण आधी पिवळसर झालं, मग तपकिरी, मग गडद तपकिरी. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघू लागले. हवी असलेली प्रथिनांची माळ काही मिळाली नाही, पण वेगळंच काहीतरी घडलं होतं. दुसरा कुणी असता तर प्रयोग फसला म्हणून भांडं घासायला टाकलं असतं. मायार यांनी मात्र त्या तपकिरी रंगाचाच पाठपुरावा केला आणि १९१२ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे आपलं निरीक्षण मांडलं.

मुलांना सांगताना हा भाग जरूर सांगा. शोध नेहमी बरोबर उत्तरातूनच लागतो असं नाही. चुकलेल्या उत्तराकडे नीट पाहिलं तरी लागतो.

आपल्या स्वयंपाकघरात

ही क्रिया आपण रोज पाहतो. भाकरीवरचे तपकिरी ठिपके, भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास, खमंग भाजलेला रवा, पावाची वरची तांबूस साल, आटवलेल्या बासुंदीचा बदामी रंग, खूप परतलेल्या खव्याचा कंदी पेढा. या सगळ्यांत साखर आणि प्रथिनं एकत्र तापतात आणि मायार अभिक्रिया होते.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते, ती शिक्षकांनी टाळावी. नुसती साखर कढईत वितळून तपकिरी होते ते कॅरॅमल. तिथे प्रथिन नसतं, म्हणून ती मायार अभिक्रिया नव्हे. आणि कापून ठेवलेलं सफरचंद किंवा वांगं काळं पडतं ते फळातल्या विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे. तीही मायार अभिक्रिया नव्हे. मायार अभिक्रियेला विकर लागत नाही. साखर, प्रथिन आणि वेळ एवढ्यावर तिचं काम भागतं. उष्णता जास्त असेल तर वेळ कमी लागतो, आणि उष्णता कमी असेल तर वेळ जास्त लागतो.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. सगळी मेख त्यातच आहे.

डॉक्टरांच्या नजरेने

मायार डॉक्टर होते, त्यामुळे त्यांचं लक्ष भांड्यापुरतं थांबलं नाही. शरीरात साखर आहे, प्रथिनं आहेत, ऊबही आहे. मग तिथेही अशीच क्रिया होत असणार, असा विचार त्यांनी मांडला. या क्रियेचा संबंध माणसाच्या शरीरव्यापाराशी आणि आजारांशी असू शकतो, त्यात मधुमेहही आला, असं त्यांनी लिहून ठेवलं. एवढंच नाही, तर वनस्पती, शेतातली काळी सुपीक माती, दगडी कोळसा यांच्याशीही त्यांनी हा धागा जोडून पाहिला.

पण वैद्यकातल्या लोकांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. का? याचं एक कारण काळजाला चटका लावणारं आहे. १९१२ मध्ये इन्सुलिन नव्हतं. तीव्र मधुमेह झालेली मुलं थोड्याच काळात दगावत. साखर हळूहळू, वर्षानुवर्षं शरीराचं काय करते हे दिसायला रुग्ण तेवढी वर्षं जगायला तर हवा! १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरोंटोमध्ये माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन देऊन उपचार झाले. रुग्ण जगू लागले, आणि मग दहा-वीस वर्षांनी त्यांचे डोळे, मूत्रपिंड, नसा, पाय यांच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर दिसू लागल्या. मायार यांचा विचार काळाच्या पुढे होता तो असा.

पुढचं आयुष्य

१९१४ मध्ये मायार पॅरिसला गेले आणि तिथल्या विद्यापीठाच्या रसायन प्रयोगशाळेत जीवरसायन गटाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. युद्धानंतर १९१९ मध्ये ते समुद्रापलीकडे अल्जीरियाला गेले. तेव्हा तिथे फ्रान्सची सत्ता होती. अल्जीयर्सच्या विद्यापीठात ते वैद्यकीय रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि पुढे अनेक वर्षं त्यांनी शिकवण्याचं काम केलं. म्हणजे आयुष्याचा मोठा काळ ते आपल्यासारखेच शिक्षक होते!

१२ मे १९३६ रोजी पॅरिसमध्ये परीक्षक म्हणून काम करत असताना त्यांचं अचानक निधन झालं. तेव्हा त्यांचं वय ५८ होतं. आपल्या नावाची अभिक्रिया जगातल्या प्रत्येक खाद्यप्रयोगशाळेत शिकवली जाईल, किंवा मधुमेही माणसाच्या रक्ततपासणीशी तिचा संबंध जुळेल, हे त्यांना कधीच कळलं नाही.

त्यांच्यानंतर काय घडलं

१९५३ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातले रसायनशास्त्रज्ञ जॉन हॉज यांनी या अभिक्रियेच्या पायऱ्या क्रमाने मांडल्या. ते अन्नाचं काम होतं. शरीरातला पुरावा मिळाला तो इराणमध्ये. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेहरानमध्ये सॅम्युअल राहबर यांना मधुमेही रुग्णांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन थोडं वेगळं दिसलं. पुढे कळलं, की ते दुसरं तिसरं काही नसून साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन आहे. मायार यांच्या अभिक्रियेची पहिली पायरी, माणसाच्या रक्तात!

आज आपल्या आई-वडिलांच्या रिपोर्टवर एचबीएवनसी असं लिहिलेलं असतं, ज्याला आपण तीन महिन्यांची शुगर म्हणतो. ती हीच. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या दिवसांत तिच्यातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, ते ही तपासणी सांगते. मधुमेह नसलेल्या माणसातही शंभरातल्या सुमारे पाच भागांना साखर चिकटलेली असतेच. हा आकडा ६.५ टक्के किंवा त्याहून वर गेला तर डॉक्टर मधुमेह मानतात. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड टाळून हा आकडा फसवता येत नाही, कारण ती तीन महिन्यांची हजेरी असते. शिक्षकांना हे वेगळं समजावून सांगायला नको!

कातडी, कोलॅजेन आणि जखम

आता माझ्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या कातडीला बळकटी देणारं मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजेन. त्याची रचना मुलींच्या वेणीसारखी, तीन पेडांची असते. ही तिहेरी गुंफण उलगडण्यात भारताचा मोठा वाटा आहे, हे मुलांना अभिमानाने सांगा. मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ मध्ये कोलॅजेनची तीन पेडांची रचना मांडली.

तांबडी पेशी चार महिन्यांत बदलते, पण कोलॅजेन फार सावकाश बदलतं. कातडीतलं निम्मं कोलॅजेन नवं व्हायला साधारण १५ वर्षं लागतात, असं शास्त्रज्ञांनी मोजलं आहे. सांध्यांच्या कूर्चेतल्या कोलॅजेनसाठी तर हा काळ शंभर वर्षांच्या वर जातो. म्हणजे ते जवळजवळ जन्मभराचं. आता मघाचं वाक्य आठवा : उष्णता कमी असेल तर वेळ जास्त लागतो. शरीराचं तापमान ३७ अंश, म्हणजे तव्याच्या मानाने काहीच नाही. पण कोलॅजेनकडे वेळच वेळ असतो.

सुरुवातीला साखर प्रथिनाला सैलसर चिकटते. ही पायरी उलटू शकते. काही आठवड्यांत ती घट्ट बसते. मग महिने आणि वर्षं गेली, की तिच्यापासून पक्के पदार्थ तयार होतात. या सगळ्या प्रकाराला ग्लायकेशन म्हणतात. यातले काही पदार्थ शेजारशेजारच्या दोन धाग्यांना एकमेकांना जखडून टाकतात. वेणीत डिंक ओतला आणि वाळला तर काय होईल? वेणी कडक होईल, लवचीकपणा जाईल. कातडीतल्या आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतल्या कोलॅजेनचं तसंच होतं. हे वयानुसार सगळ्यांच्याच शरीरात होतं. रक्तात साखर जास्त असेल तर ते जास्त वेगाने होतं.

जखम झाली, की शरीर चार कामं करतं. आधी रक्त गोठवून गळती थांबवतं. मग पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेला भाग साफ करतात. त्यानंतर नवीन पेशी येऊन नवं कोलॅजेन विणतात. शेवटी महिनोन्महिने ते विणकाम घट्ट आणि नीटनेटकं केलं जातं. अगदी निरोगी माणसातही भरलेली जखम मूळ कातडीच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच मजबूत होते.

साखर वाढलेली असली, की यातल्या जवळजवळ प्रत्येक कामात अडथळा येतो. पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते. साखर चिकटून बनलेले पक्के पदार्थ पेशींना सतत चेतवत राहतात, त्यामुळे सूज आणि दाह लवकर ओसरत नाही. साफसफाईचं काम संपतच नाही, म्हणून विणकाम रखडतं. कोलॅजेन विणणाऱ्या पेशी मंदावतात आणि नवं विणलेलं कोलॅजेन पुन्हा तोडलंही जातं. त्यात रक्तवाहिन्या अरुंद आणि कडक झालेल्या, त्यामुळे प्राणवायू आणि औषध जखमेपर्यंत कमी पोहोचतं. आणि पायाच्या नसा बधिर झालेल्या, त्यामुळे दुखतच नाही. अण्णांचा फोड दुखत नव्हता हे आम्हाला चांगलं लक्षण वाटलं होतं. खरं तर धोक्याची घंटा तीच होती.

म्हणजे साखर चिकटणं हे एकमेव कारण नाही. अनेक कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. पण मायार यांनी दाखवलेला धागा त्यातल्या पुष्कळ गाठींतून जातो.

एक शंका पालक हमखास विचारतात. मग खमंग भाजलेली भाकरी खायची नाही का? जरूर खा. इथे मुख्य प्रश्न आहे तो वर्षानुवर्षं रक्तात वाढलेल्या साखरेचा. आणि ती साखर आटोक्यात ठेवली तर खरोखर फरक पडतो. अमेरिका आणि कॅनडात १,४४१ रुग्णांवर वर्षानुवर्षं चाललेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या ज्या रुग्णांनी साखर काटेकोर सांभाळली, त्यांचे डोळे, मूत्रपिंड आणि नसा बऱ्याच जास्त प्रमाणात वाचल्या.

वर्गात घेता येईल असा उपक्रम

साहित्य : जाड सुती दोऱ्याचे सहा तुकडे, डिंक किंवा चिकटवायचा गोंद.

कृती : तीन-तीन तुकड्यांच्या दोन वेण्या घाला. एक तशीच ठेवा. दुसरी गोंदात बुडवून रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही वाकवून पाहा. मग मुलांना सांगा, की गोंद लावलेली वेणी पुन्हा सुटी करून दाखवा. त्यांना जमत नाही. त्यातून समजतं, की वाळलेला गोंद काढण्यापेक्षा तो लागू न देणं सोपं. वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

घरचा अभ्यास : आईबाबांबरोबर रवा भाजताना रंग आणि वास कसा बदलतो ते बघून पाच ओळी लिहा. गॅसजवळ मोठ्या माणसांनी थांबावं.

पालकांसाठी

घरात कुणाला शुगर असेल तर रोज त्यांचे पाय बघा. तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचा. अनवाणी फिरू देऊ नका. चप्पल घालण्याआधी आत खडा नाही ना ते पाहा. दुखत नसलं तरी फोड, चीर किंवा जखम दिसली तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. आम्ही तीन आठवडे घालवले, त्याची किंमत मोजली.

मायार यांच्या आयुष्यातून मी एवढंच शिकले. त्यांना हवं ते उत्तर मिळालं नाही, पण समोर जे दिसलं ते त्यांनी नीट पाहिलं आणि लिहून ठेवलं. ते समजायला जगाला पन्नासहून अधिक वर्षं लागली. आपल्याला मात्र ते आज माहीत आहे.

आता आमच्या घरी रोज संध्याकाळी शुभंकरोती झाली, की माझी मुलगी छोटा आरसा घेऊन आजोबांच्या पायाशी बसते. तळव्याखाली आरसा धरून सगळं तपासते आणि वहीत बरोबरची खूण करते. गेल्या महिन्यात तिला टाचेला एक बारीक चीर दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दवाखान्यात होतो. ती चीर भरली.

लेख आवडला तर आपल्या शाळेतल्या सहकाऱ्यांना आणि पालकांना जरूर वाचायला द्या.